शेजारचे पाइल, सामाईक माती

उंच इमारतीचा भार पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब, दोन मार्गांनी जमिनीत सोडतो. त्याच्या अंगाला भिडलेली माती घर्षणाने काही भार घेते आणि उरलेला टोकाखालच्या थरावर जातो. टोक कातळात रोवलेले असेल तर टोकाचा वाटा मोठा; पाइल चिकणमातीतच संपत असेल तर जवळजवळ सगळी भिस्त अंगच्या घर्षणावर. मार्ग कोणताही असो, भार नाहीसा होत नाही. तो मातीत उतरतो आणि उतरता उतरता पसरतो. प्लॉटची हद्द, कुंपण, मंजूर झालेला नकाशा यांपैकी कशाचीही त्याला अडकाठी नसते. म्हणून दोन मनोरे शेजारी उभे राहिले की त्यांचे पाइल कागदावर वेगळे असले तरी जमिनीखाली ते एकाच समूहासारखे वागू लागतात.

एक पाइल आणि अनेक पाइल

पाइलवर भार आला की तो काही मिलिमीटर खाली सरकतो आणि अंगाला चिकटलेली माती सोबत ओढतो. ती माती तिच्या पलीकडच्या मातीला ओढते. अशा रीतीने पाइलभोवती एक उथळ, रुंद खळगा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो, आणि पाइलपासून दूर जावे तसा तो अगदी सावकाश विरत जातो. केंब्रिजच्या मार्क रँडॉल्फ आणि पीटर रॉथ यांनी १९७८ साली यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडले. एकसारख्या चिकणमातीतल्या ३० मीटर लांब आणि १ मीटर व्यासाच्या पाइलला ते लावून पाहता येते. हा पाइल स्वतः १० मिलिमीटर बसला, तर ३ मीटरवरची जमीन सुमारे ६ मिलिमीटर बसते, १० मीटरवरची ३ मिलिमीटर आणि २० मीटरवरची दीड मिलिमीटर. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे परिणाम संपतो. थोडक्यात, पाइलची पोच त्याच्या लांबीपेक्षाही थोडी जास्त असते. प्रत्यक्ष जमिनीत हे आकडे बहुधा कमी निघतात, कारण पाइलपासून दूरची माती अगदी थोडी विकृत होते आणि तेव्हा ती जास्त ताठ वागते.

आता ३ मीटर अंतराने तीन-तीन पाइलच्या तीन ओळी घेऊ. प्रत्येक पाइलवर पूर्वीइतकाच भार आहे. मधल्या पाइलच्या वाट्याला स्वतःचे १० मिलिमीटर येतात, त्यात आठ शेजाऱ्यांनी ओढलेले मिलिमीटर मिळतात, आणि बेरीज ५० च्या वर जाते. सिडनी विद्यापीठातील हॅरी पूलोस यांनी १९६८ साली पाइलसमूहाच्या गणितासाठी नेमकी ही बेरजेची पद्धत रूढ केली. एका पाइलमुळे दुसऱ्याचे बसणे किती वाढते हे सांगणारा गुणांक काढायचा आणि सगळ्या जोड्यांची बेरीज करायची. पाइलना वरून जोडणारी पाइल कॅप किंवा राफ्ट, म्हणजे इमारतीखालची सलग काँक्रीटची लादी, जाड असेल तर सगळ्या पाइलना जवळजवळ सारखेच बसावे लागते. मग मधल्या पाइलवरचा भार उतरतो आणि कडेच्या व कोपऱ्यांच्या पाइलवर चढतो. कडेचे पाइल आधीच जास्त राबत असतात, आणि नेमके तेच शेजारच्या प्लॉटला सर्वांत जवळ असतात.

पाइलच्या भारचाचणीचा अर्थ इथे नीट समजून घ्यायला हवा. भारतीय मानक २९११ नुसार सुरुवातीच्या चाचणी-पाइलवर अपेक्षित भाराच्या अडीचपट आणि कामातल्या पाइलवर दीडपट भार देऊन पाहतात. चाचणी यशस्वी झाली की साइटवर सगळे निश्चिंत होतात. पाइल नीट ओतला गेला आहे का, अंगचे घर्षण अपेक्षेइतके मिळते का, एवढे या चाचणीतून चांगले कळते. पण ती एका पाइलची आणि काही तासांची, फार तर काही दिवसांची असते. शेकडो पाइल एकत्र काम करताना टोकाखालची खोल चिकणमाती पुढच्या वीस वर्षांत किती दबेल, याविषयी ती काहीच सांगत नाही. पाइल उत्तम आणि इमारत कललेली, असे घडू शकते आणि घडलेही आहे.

भारांची गाठ

समूहाच्या खाली खोलवर काय घडते याचा अंदाज बांधण्याची जुनी आणि अजूनही उपयोगी युक्ती म्हणजे कल्पित राफ्ट. घर्षण-पाइलचा समूह असेल तर त्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश खोलीवर एक राफ्ट आहे असे मानायचे, आणि तिथून भार खाली जाताना दर दोन मीटर खोलीला प्रत्येक बाजूस एक मीटर पसरतो असे धरायचे. ३० मीटर लांब-रुंद बैठकीची ४० मजली इमारत घ्या. एका मजल्याचा भार दर चौरस मीटरला १.२ टन धरला तर एकूण भार सुमारे ४३,००० टन. ३० मीटरच्या पाइलसाठी कल्पित राफ्ट २० मीटर खोल येतो. अंगच्या घर्षणामुळे तिथपर्यंत भार थोडा पसरलेलाच असतो, म्हणून राफ्टची बाजू ४० मीटर धरू. तिथे ताण येतो दर चौरस मीटरला २७ टन. आणखी २० मीटर खाली तोच भार ६० मीटर बाजूच्या चौरसावर पसरतो आणि ताण १२ टनांवर येतो. तळघरासाठी खोदून काढलेल्या मातीचे वजन यातून वजा करायचे असते, पण इथे मुद्दा वेगळा आहे. जमिनीखाली ४० मीटरवर या इमारतीचा भार तिच्या भिंतीबाहेर प्रत्येक बाजूला १५ मीटर गेलेला असतो. शेजारी १२ मीटर सोडून तसाच दुसरा मनोरा उभा असेल तर दोघांचे भार १८ मीटर रुंदीच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. त्या पट्ट्यातली माती दोघांचाही ताण सोसते.

परिणाम उघड आहे. दोन्ही इमारती एकाच वेळी उभ्या राहिल्या तर मधल्या बाजूला जास्त बसतात आणि एकमेकींकडे कलतात. एक आधीची आणि दुसरी नंतरची असेल तर चित्र बदलते. जुन्या इमारतीखालची माती तिच्या भाराने आधीच दबून घट्ट झालेली असते. नवा भार आला की जुनी इमारत नव्या शेजाऱ्याकडे झुकते. नव्या इमारतीला मात्र जुनीच्या बाजूला घट्ट माती मिळते आणि बाहेरच्या बाजूला मऊ, म्हणून ती जुनीपासून दूर कलण्याची शक्यता जास्त.

ब्राझीलमधल्या सांतोस शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर हे सगळे एका ओळीत पाहायला मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे दहा ते अठरा मजल्यांच्या इमारती उथळ पायांवर दाटीवाटीने बांधल्या गेल्या. वर वाळूचा घट्ट थर होता, म्हणून पाइलची गरज वाटली नाही. वाळूखाली मऊ समुद्री चिकणमातीचा जाड थर होता. एकेकट्या इमारतीचा भार वाळूने पेलला, पण शेजाऱ्याशेजाऱ्यांचे भार खालच्या चिकणमातीत जाऊन मिळाले आणि कित्येक इमारती उघड्या डोळ्यांना दिसाव्यात इतक्या कलल्या. नुन्सिओ माल्झोनी ही सतरा मजली इमारत माथ्याला सुमारे दोन मीटर झुकली होती. शेवटी तिच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरहून खोल पाइल घालून, त्यांवर तुळया टाकून, जॅकच्या साहाय्याने ती सरळ केली गेली.

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने हाच प्रश्न आधीच ओळखून सोडवला. तिथे वर ताठ, पण दबणारी चिकणमाती आहे आणि तिच्याखाली चुनखडीचा थर. १९९१ साली पूर्ण झालेला २५६ मीटर उंच मेसेटुर्म चिकणमातीतच थांबणाऱ्या ६४ पाइलवर आणि मध्यभागी ६ मीटर जाड राफ्टवर उभा आहे. इथे पाइल आणि राफ्ट भार वाटून घेतात. पाइलचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त आहे. मनोरा १३-१४ सेंटिमीटर बसला. आजूबाजूला मोकळी जागा होती, तेव्हा एवढे बसणे चालून गेले. १९९४ ते १९९७ दरम्यान कॉमर्झबँकेचा नवा मनोरा उभा राहिला तेव्हा त्याच्या अगदी लगत बँकेचीच १०३ मीटर उंच जुनी इमारत होती. नव्याने शेजाऱ्याला सोबत ओढले असते तर जुनी इमारत त्याच्याकडे कलली असती. म्हणून मेसेटुर्मची स्वस्त आणि सिद्ध झालेली रीत इथे बाजूला ठेवली. १११ जाड पाइल चिकणमाती ओलांडून थेट चुनखडीत नेले. वाचले त्यात नव्या इमारतीपेक्षा जुनीच जास्त. पायाचा प्रकार आपल्या इमारतीच्या भारावरून नव्हे, तर शेजाऱ्याच्या सहनशक्तीवरून ठरवण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पाणी आणि काळ

वाळू भार आल्याबरोबर बसते आणि विषय संपतो. भिजलेली चिकणमाती तसे करत नाही. नवा भार आधी तिच्या छिद्रांतले पाणी उचलते. ते पाणी बाहेर झिरपत जाते तसा भार मातीच्या कणांवर उतरतो आणि थर दबतो. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात हे गणित मांडले आणि मृदा-यांत्रिकी नावाचे शास्त्र उभे राहिले. त्यातून निघणारी एक गोष्ट बांधकामाच्या वेळापत्रकाला अगदीच गैरसोयीची आहे: थराची जाडी दुप्पट झाली की दबायला लागणारा वेळ चौपट होतो. जाड थरावरची इमारत ताबा दिल्यानंतरही वर्षानुवर्षे बसत राहते.

त्याच शास्त्राची दुसरी बाजू म्हणजे भूजल. जमिनीतल्या पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली की पाण्याचा वर उचलणारा आधार तेवढा कमी होतो आणि खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन ताण वाढतो. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी पाणी उपसून पातळी ६ मीटर उतरवली, तर ४० मीटर खोलीवर ६ टन वाढ होते. वरच्या उदाहरणातल्या ४० मजली इमारतीने तिथे घातलेल्या ताणाच्या निम्मी. इमारतीचा भार निदान खाली जाताना विरतो. पाण्याचा हा परिणाम विरत नाही आणि पंप चालू असेतोवर सगळ्या गल्लीभर पोहोचतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर या सगळ्या गोष्टी एका जागी आणतो. ५८ मजल्यांची, १९७ मीटर उंच, काँक्रीटची ही निवासी इमारत २००९ मध्ये राहती झाली. पाया म्हणजे ३ मीटर जाड राफ्ट आणि त्याखाली ठोकून घातलेले सुमारे ९५० चौकोनी काँक्रीट पाइल. ते १८ ते २७ मीटर खोल, घट्ट वाळूच्या थरात थांबतात. त्या वाळूखाली ओल्ड बे क्ले हा जुन्या चिकणमातीचा जाड थर आहे आणि कातळ त्याच्याही खाली, साधारण ६० ते ७५ मीटरवर. वाळू घट्ट होती, पाइल चांगले बसले, यात वाद नाही. पण इतक्या पाइलनी मिळून घातलेला भार वाळूतून खालच्या चिकणमातीत गेला. साधारण १० ते १५ सेंटिमीटर बसेल असा मूळ अंदाज होता. २०१६ मध्ये प्रकरण जाहीर झाले तेव्हा इमारत ४० सेंटिमीटर बसलेली होती आणि वायव्येकडे कलत होती.

मधल्या काळात शेजारही बदलला होता. दक्षिणेला अगदी लगत ट्रान्सबे ट्रान्झिट सेंटरसाठी सुमारे १८ मीटर खोल खड्डा खोदला गेला. पश्चिमेला रस्त्यापलीकडे ३२६ मीटरचा सेल्सफोर्स टॉवर आला. त्याचे ४२ पाइल कातळापर्यंत गेलेले आहेत. इमारतीच्या विकासकाने ठपका ट्रान्झिट सेंटरसाठी झालेल्या पाणीउपशावर ठेवला. सेंटर बांधणाऱ्या प्राधिकरणाचे उत्तर असे होते की खोदकाम सुरू होण्यापूर्वीच इमारत २५ सेंटिमीटर बसली होती. २०२० मध्ये पक्षकारांनी आपसांत तडजोड केली. मातीच्या दृष्टीने पाहता दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. चिकणमातीवर आधीच तिच्या क्षमतेच्या जवळपास भार असला की शेजाऱ्याने पाण्याची पातळी थोडी जरी उतरवली तरी तोल पुढे ढळतो. मूळ भार कोणाचा आणि शेवटचा टन कोणाचा, हा प्रश्न कोर्टाचा. माती बेरीज तेवढी करते.

दुरुस्ती कातळाला टेकणाऱ्या नव्या पाइलनी करायची ठरली. उत्तर आणि पश्चिम बाजूच्या फुटपाथखाली ५२ पाइल घालून त्यांवर जॅकने राफ्टचा काही भार चढवायचा, अशी योजना २०२१ मध्ये सुरू झाली. काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. वाचवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या पाइलच्याच ड्रिलिंगमुळे इमारत आणखी सुमारे अडीच सेंटिमीटर बसली होती आणि कल वाढला होता. मग पाइलची संख्या १८ वर आणली, ड्रिलिंगची पद्धत बदलली, आणि २०२३ मध्ये भार नव्या पाइलवर चढवण्यात आला. तोवर माथा सुमारे ७० सेंटिमीटर सरकलेला होता. म्हणजे उंचीच्या साधारण २८० व्या भागाइतका कल. १/२५० च्या आसपासचा कल माणसाच्या नजरेला जाणवू लागतो असे अभियंते मानतात.

घालताना होणारा त्रास

पाइल घालण्याच्या कामाचा शेजाऱ्यावर होणारा परिणाम पाइलच्या भाराहून वेगळा असतो, आणि बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर येतात. ठोकून घातलेला पाइल स्वतःच्या आकारमानाइतकी माती बाजूला सारतो. चिकणमातीत त्यामुळे जमीन आधी फुगते, शेजारचे आधी घातलेले पाइल वर उचलले जातात, पाण्याचा दाब चढतो. मग तो दाब उतरताना सगळे पुन्हा खाली बसते. सैल वाळूत उलट होते. हादऱ्यांनी वाळू दाटते आणि भोवतालची जमीन खाली जाते.

भरवस्तीत म्हणूनच खोदून ओतलेले पाइल वापरतात. रिग उभी करायची, वरच्या सैल मातीत पोलादी लायनर घालायचा, बेंटोनाइटच्या रबडीने भोकाची भिंत सावरून धरायची, तळ साफ करायचा, पिंजरा सोडायचा आणि ट्रेमी नळीने खालून वर काँक्रीट भरत आणायचे. आवाज आणि हादरे कमी, पण धोका दुसऱ्या बाजूने येतो. लायनर आखूड पडला, बेंटोनाइटची पातळी भूजलाच्या खाली गेली किंवा भोक रात्रभर उघडे राहिले, तर बाजूची माती आत ढासळते. ठरलेल्यापेक्षा जास्त काँक्रीट लागले की साइटवर ते नुकसानीच्या खात्यात लिहिले जाते. खरे तर तो इशारा असतो: भोकातून जास्तीची माती निघाली आहे आणि ती कुठून तरी आली आहे. शेजारच्या जुन्या इमारतीच्या उथळ पायाखालूनही ती आलेली असू शकते.

मातीचे ओझे पाइलवर

आतापर्यंत पाइल मातीला खाली ओढत होता. माती पाइलपेक्षा जास्त बसू लागली की ओढीची दिशा उलटते आणि अंगाला चिकटलेली माती पाइलवर लटकते. याला ऋण घर्षण म्हणतात. शेजाऱ्याने मऊ चिकणमातीवर भराव घातला किंवा पाणी उपसले की हे हमखास होते. आधार देणारी बाजूच ओझे बनते आणि पाइलला इमारतीखेरीज भोवतालची मातीही पेलावी लागते. मेक्सिको सिटीत भूजलाच्या उपशामुळे सगळे शहरच जुन्या सरोवराच्या गाळात खाली जात आहे. १९१० साली उभारलेला तिथला स्वातंत्र्यस्तंभ पाइलवर आहे. तो जागच्या जागी राहिला आणि रस्ता खाली गेला, म्हणून काळाच्या ओघात त्याच्या पायथ्याशी १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. त्याच शहरात लिओनार्दो झीवार्त यांनी टोरे लॅटिनोअमेरिकाना या १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या मनोऱ्यासाठी ३६१ पाइल ३३ मीटरवरच्या वाळूच्या थरापर्यंत नेले आणि तळघराच्या खोदकामातून काढलेल्या मातीच्या वजनाने भाराचा मोठा भाग आधीच हलका केला. १९५७ आणि १९८५ चे मोठे भूकंप या इमारतीने झेलले.

आडवा जोर

पाइल उभ्या भारासाठी दणकट आणि आडव्या जोरापुढे बारीक असतो. हे सर्वांत कठोरपणे दिसले ते २७ जून २००९ रोजी शांघायमध्ये. लोटस रिव्हरसाइड या वसाहतीतल्या एका जवळजवळ पूर्ण झालेल्या तेरा मजली इमारतीच्या दक्षिणेला भूमिगत गॅरेजसाठी ४.६ मीटर खोल खड्डा खणला होता. त्यातून निघालेली माती उत्तरेला, इमारतीच्या मागे रचली गेली. ढीग सुमारे १० मीटर उंच झाला. एका बाजूला ढिगाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला आधारच नाही, अशा अवस्थेत माती खड्ड्याकडे सरकली आणि पोकळ काँक्रीटचे पाइल मोडले. इमारत जवळजवळ अखंड अवस्थेत आडवी झाली. एक कामगार मृत्युमुखी पडला. तिथे वरचा भार वाढला नव्हता की पाइल कमी नव्हते. फक्त खणलेली माती चुकीच्या बाजूला टाकली होती.

खड्ड्याच्या कडेची भिंत बरीच ताठ असली तरी थोडी आत झुकतेच, आणि तिच्यामागची माती शेजारच्या पाइलना वाकवते. वारा आणि भूकंप यांच्या वेळी आडव्या जोराचे गणित आणखी गुंतते. एका ओळीमागे दुसरी ओळ असेल तर मागच्या पाइलपुढची माती पुढच्या पाइलने आधीच सैल केलेली असते. ओळींमधले अंतर व्यासाच्या तिप्पट असेल तर मागच्या ओळींना सुट्या पाइलच्या मानाने मातीचा ३०-४० टक्केच प्रतिकार मिळतो. भूकंपात प्रत्येक मनोरा स्वतःच्या डोलण्याने जमीन हलवतो आणि ते कंपन शेजारच्या पायापर्यंत जाते. १९८५ च्या मेक्सिको भूकंपात सरोवराच्या गाळावर घर्षण-पाइलच्या कित्येक इमारती अचानक खाली बसल्या, आणि एक बहुमजली इमारत तर पाइल उपटून उलथली.

मुंबईचा कातळ

मुंबईत या प्रश्नाचे रूप बदलते. शहराखाली बेसाल्ट आहे, काही भागांत ब्रेशिया आणि टफ. तो बहुतेक ठिकाणी पाइलच्या आवाक्यात असतो, म्हणून मनोऱ्याचे पाइल मुरूम ओलांडून कातळात रोवले जातात. कातळ वरच असेल तिथे पाइलऐवजी राफ्टच पुरतो. उभ्या भारामुळे दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना ओढण्याची भीती त्यामुळे फारशी नाही. पण सात बेटांमधल्या खाड्या भरून झालेल्या या शहरात भराव आणि कातळ यांच्यामध्ये जागोजागी काळी समुद्री चिकणमाती आहे. मिठी नदीकाठच्या दलदलीवर उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुल किंवा खाडीकाठची नवी मुंबई ही त्याची ठळक उदाहरणे. इथे इजा होते ती जुन्या शेजाऱ्याला. चार-पाच मजली जुन्या चाळीचा पाया उथळ असतो आणि भिंतीच भार वाहतात. पलीकडे तीन तळघरांचा खड्डा पडतो, पाणी उतरते, चिकणमाती दबते. नवा मनोरा कातळावर निश्चल असतो आणि चाळीच्या दारांच्या चौकटी तिरक्या होऊन दारे अडकू लागतात. त्यामुळे खड्ड्याभोवती एकमेकांत घुसलेल्या पाइलची पाणी अडवणारी भिंत कातळापर्यंत नेणे आणि गरज पडल्यास बाहेरच्या बाजूने जमिनीत पाणी परत सोडणे, हे खर्चिक असले तरी योग्य ठरते.

कायद्याला हे नाते जुनेच ठाऊक आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम मोकळ्या जमिनीला शेजारच्या जमिनीकडून मिळणाऱ्या नैसर्गिक आधाराचा हक्क मान्य करतो. जमिनीवरच्या इमारतीसाठी तसा आधार मिळवायचा तर तो वीस वर्षे शांततेने, अखंड उपभोगलेला असावा लागतो. पाणी उपसून किंवा भराव घालून झालेल्या सूक्ष्म हालचालीचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे मात्र मोजणीशिवाय ठरत नाही.

मोजणी

पायाचे आजचे आराखडे संगणकावर होतात. माती, पाइल, राफ्ट, खड्डा आणि शेजारची इमारत एकाच प्रतिमानात घालून बांधकामाचा एकेक टप्पा क्रमाने चालवून पाहतात. प्रतिमान कितीही बारीक असले तरी त्याचा भरवसा माती तपासण्यासाठी पाडलेल्या बोअरच्या नोंदींवर, आणि त्या बहुधा स्वतःच्या प्लॉटपुरत्या असतात. शेजाऱ्याच्या पाइलची लांबी, त्याखालची माती, त्याचा नियोजित विस्तार ही माहिती मागावी लागते आणि बऱ्याचदा मिळत नाही. पोलादी अँकर हे आणखी एक दुखणे. खड्ड्याची भिंत धरून ठेवण्यासाठी ते तिरके शेजाऱ्याच्या जमिनीत घातले जातात, काम संपल्यावर तिथेच राहतात, आणि काही वर्षांनी शेजाऱ्याची रिग त्यांवर अडकते.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या इमारतीची पाहणी करून प्रत्येक तड्याचा फोटो, लांबी आणि रुंदी तारखेसह नोंदवतात. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवण्याची जुनी रीत अजून चालते. तडा जरा जरी उघडला तरी काच तडकते, आणि कोणत्या आठवड्यात तडकली ते कळते. शिवाय भिंतींवर पातळी मोजण्याच्या खुणा, जमिनीत आडवी हालचाल दाखवणाऱ्या उभ्या नळ्या आणि पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे बसवतात. इमारत एकूण किती बसली यापेक्षा दोन खांबांमध्ये किती फरक पडला हे महत्त्वाचे. १९५६ साली स्केम्पटन आणि मॅकडोनल्ड यांनी प्रत्यक्ष इमारतींच्या नोंदींवरून दाखवले की हा फरक खांबांमधल्या अंतराच्या तीनशेव्या भागापर्यंत गेला की विटांच्या भिंतींना तडे जातात. ६ मीटर अंतरावरच्या खांबांसाठी हा आकडा २० मिलिमीटर. सुरक्षित मर्यादा पाचशेवा भाग धरतात, म्हणजे १२ मिलिमीटर. इशारा त्याच्याही आधीच्या आकड्यावर द्यायचा आणि मर्यादेच्या जवळ काम थांबवायचे, असे दोन टप्पे कामाच्या करारातच लिहून ठेवतात.

खोदकाम भरून निघाले, तळघर वर आले की उपकरणांचे वाचन बहुधा थांबते, कारण कंत्राट तिथवरच असते. वाळूवर किंवा कातळावर एवढे पुरते. जाड चिकणमातीवर मात्र दबण्याचा मोठा भाग तेव्हा बाकी असतो, आणि निदान पातळीच्या खुणा तरी पुढची काही वर्षे, आधी दर तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा, वाचल्या जायला हव्यात.